कोपनहेगनचे एकोणीस प्रश्न, मराठवाड्याच्या फील्डवर

शेतकरी उत्पादक कंपनी, महिला बचत गटांची डाळ मिल, गावोगाव पशुसखी पाठवणारी संस्था, धर्मादाय दवाखाना. अशा ठिकाणी काम करणाऱ्याला आपल्याकडं ‘कर्मचारी’ कमी आणि ‘कार्यकर्ता’ जास्त म्हणतात, आणि त्याच्या पगाराला ‘मानधन’. दोन्ही शब्दांत मान आहे. अडचणही त्यांच्यातच आहे. कर्मचारी ‘थकलो’ म्हणू शकतो. कार्यकर्त्यानं तसं म्हटलं की त्याची निष्ठा पातळ झाली असं लोकांना वाटतं, आणि लोकांच्या आधी त्याला स्वतःलाच वाटतं. म्हणून तो बोलत नाही. एक दिवस राजीनामा ठेवतो आणि पतसंस्थेत किंवा मायक्रोफायनान्समध्ये वसुलीला लागतो. मागं राहिलेले म्हणतात, ‘बरं तर चाललं होतं त्याचं.’

मराठवाड्यात या सवयीला इतिहास आहे. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, २०१२-१३ चा दुष्काळ, २०१६ मध्ये लातूरला रेल्वेनं आलेलं पाणी. त्या त्या वेळी लोकांनी घड्याळ न बघता काम केलं, आणि ते करायलाच हवं होतं. पण संकटातलं ते माप पुढं रोजच्या कामालाही लागलं. रात्री नऊची गटाची बैठक, रविवारची सभासद नोंदणी, स्वतःच्या खिशातलं पेट्रोल हे सगळं ‘तळमळ’ या खात्यात जमा होतं.

अशा जागी माणसांची खरी अवस्था विचारायला कुठलं साधन वापरावं, हा या परीक्षणाचा विषय. मुख्य साधन ‘कोपनहेगन बर्नआउट इन्व्हेंटरी’ ही माणसाचा थकवा मोजणारी १९ प्रश्नांची मोफत प्रश्नावली (‘बर्नआउट’ म्हणजे पार गळून जाणं). सोबत आणखी तीन प्रश्नावल्यांशी तुलना आणि ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेबद्दल थोडं. निकाल आधीच सांगायचा तर, १० ते ६० माणसांच्या संस्थेनं कोपनहेगन वर्षातून एकदा आणि जागतिक आरोग्य संघटनेचे पाच प्रश्न वर्षातून दोनदा घ्यावेत. बाकीच्यांवर पैसा घालवू नये.

काय आहे आणि कुठं वेगळी पडते

डेन्मार्कमधल्या टागे क्रिस्टेन्सन आणि सहकाऱ्यांनी ही प्रश्नावली २००५ मध्ये प्रसिद्ध केली. त्याआधी या क्षेत्रात क्रिस्टिना मास्लाक यांच्या १९८१ च्या २२ प्रश्नांच्या प्रश्नावलीचा दबदबा होता, आजही आहे. पण तिला प्रत्येक प्रतीमागं परवान्याचे पैसे पडतात. कोपनहेगनला पडत नाहीत.

तिचे तीन भाग आहेत. पहिले ६ प्रश्न माणसाच्या एकूण थकव्याचे, कामाचा उल्लेखही नाही. पुढचे ७ कामामुळं येणाऱ्या थकव्याचे. शेवटचे ६ ज्यांच्यासाठी काम करतो त्या माणसांमुळं येणाऱ्या थकव्याचे. हा तिसरा भाग बँकेत किंवा कारखान्यात फारसा कामाचा नाही. सामाजिक उद्योगात मात्र तोच या प्रश्नावलीचा जीव आहे, कारण इथं ‘कामाचा कंटाळा’ आणि ‘माणसांचा कंटाळा’ या दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात आणि दोन्हींचा इलाज वेगळा आहे.

तिन्ही भागांचे गुण शेजारी ठेवले की चित्र उघडतं. पहिला भाग चढा आणि दुसरा-तिसरा खाली असेल तर शीण घरून येतोय: टँकरची वाट बघणं, म्हाताऱ्या माणसाचं आजारपण, पडलेलं शेत. तिथं ताणतणावावरचं व्याख्यान ठेवून उपयोग नाही. वेळेत थोडी सवलत दिली तर होतो. दुसरा चढा आणि तिसरा खाली असेल तर दोष संस्थेच्या कारभारात आहे. एकच माहिती वहीत, एक्सेलमध्ये आणि ॲपवर अशी तीनदा भरणं, अडकलेलं प्रवासबिल, आज एक आणि उद्या दुसरं सांगणारे दोन साहेब. हे संस्थेच्या हातात असतं, म्हणून ते आधी घ्यावं. तिसरा भाग चढा असेल तर माणसांना सामोरं जाण्याचा भार वाढलाय. तुरीचे पैसे अडकले की सभासद शेतकरी कंपनीच्या संचालकाला गाठत नाही, गावात येणाऱ्या पोराला गाठतो. आत्महत्याग्रस्त कुटुंबांकडं जाणाऱ्या कार्यकर्तीला दर भेटीत तेच दुःख नव्यानं ऐकावं लागतं. इथं जोडीनं भेट देणं, गावं आलटून पालटून घेणं आणि अशा भेटीनंतरचा अर्धा दिवस मोकळा ठेवणं हे उपाय चालतात. पगार वाढवून हा शीण उतरत नाही.

मराठीत आणताना

इथंच बहुतेक वेळा काम बिघडतं. इंग्रजी प्रश्न मोबाइलवर भाषांतर करून घेतले की ‘तुम्ही भावनिकदृष्ट्या थकलेले आहात का?’ असं काहीतरी हाती येतं, आणि कळंबच्या किंवा सेनगावच्या कार्यकर्तीला तो सरकारी फॉर्म वाटतो. सरकारी फॉर्मवर माणूस जे द्यायचं तेच उत्तर देतो.

पहिली गोष्ट नावाची. कागदावर ‘सीबीआय’ हे इंग्रजी लघुरूप लिहू नका. लोकांना चौकशीची यंत्रणा आठवते आणि हात आखडतो. ‘कामाचा शीण: आपलं म्हणणं’ एवढं शीर्षक पुरे. ‘शीण’ हा शब्द घरातला आहे, कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

शरीराच्या थकव्याला ‘अंगानं थकता का?’ आणि भावनिक थकव्याला ‘मन थकून जातं का?’ असे प्रश्न लागोपाठ ठेवले की फरक आपोआप कळतो. ‘बर्नआउट’ला कोशातले संस्कृत शब्द लावू नका, ‘कामामुळं पार गळून गेल्यासारखं वाटतं का?’ हे पोचतं. ‘फ्रस्ट्रेशन’ला ‘वैताग’ चोख बसतो. पहिल्या भागातला सर्वांत नाजूक प्रश्न म्हणजे ‘आता माझ्यानं होत नाही, असं किती वेळा वाटतं?’ तो सौम्य करायचा मोह होतो. करू नका, सगळी प्रश्नावली त्याच्यावर तोललेली आहे.

‘क्लायंट’ या शब्दाच्या जागी आपला शब्द घालायला मुभा आहे. मूळ कर्त्यांनीच ती ठेवली आहे. उत्पादक कंपनीत ‘सभासद शेतकरी’, गटांसोबत काम करणाऱ्यांसाठी ‘गटातल्या महिला’, दवाखान्यात ‘रुग्ण आणि नातेवाईक’. ‘लाभार्थी’ टाळावा. तो शब्द आला की उत्तरंही अहवालाच्या भाषेत येतात. शिवाय तिसऱ्या भागाच्या वर एक ओळ ठळक छापावी: ‘खाली सभासद म्हणजे फक्त आपले सभासद शेतकरी, व्यापारी, बँक, अधिकारी यात धरू नका.’ ही ओळ नसेल तर बँकेत झालेला अपमान सभासदांच्या खात्यावर पडतो आणि तिसरा भाग उगाच फुगतो.

दोन प्रश्न खास सांभाळावे लागतात. एक, ‘फुरसतीच्या वेळात घरच्यांसाठी, मित्रांसाठी ताकद उरते का?’ फिरतीवरून साडेसातला घरी पोचून चुलीपुढं बसणाऱ्या बाईला ‘फुरसतीचा वेळ’ या शब्दांनीच प्रश्न परका होतो, आणि ती तो मोकळा सोडते. ‘काम संपवून घरी गेल्यावर घरच्यांशी दोन शब्द बोलायला अंगात त्राण उरतं का?’ असं विचारलं तर उत्तर मिळतं. दुसरा, तिसऱ्या भागातला: ‘या लोकांसाठी काम करताना आपण देतो जास्त आणि मिळतं कमी, असं वाटतं का?’ मानधनावर काम करणारा हा प्रश्न हमखास पैशाचा समजतो. ‘इथं पगाराबद्दल विचारलेलं नाही; जीव लावण्याबद्दल विचारलंय’ अशी टीप लगेच खाली हवी.

उत्तरांच्या पट्ट्या दोन प्रकारच्या आहेत, आणि घाईत त्यांची सरमिसळ होते. काही प्रश्नांना ‘किती वेळा’: नेहमी, बऱ्याचदा, कधीकधी, क्वचित, जवळजवळ कधीच नाही. काहींना ‘किती प्रमाणात’: फार जास्त, बरंच, थोडंफार, कमी, अगदी कमी. पहिल्या भागात सगळे ‘किती वेळा’चे. दुसऱ्यात पहिले तीन आणि तिसऱ्यात पहिले चार ‘किती प्रमाणात’चे, उरलेले ‘किती वेळा’चे. पट्टी बदलते तिथं कागदावर जाड रेघ मारा आणि पर्याय पुन्हा छापा.

मिलमध्ये निवडण-पॅकिंग करणाऱ्या बायांना वाचन जड जात असेल तर प्रश्न मोठ्यानं वाचावा आणि चित्रांवर खूण करायला सांगावं. चित्र निवडताना आपला मुलूख लक्षात ठेवा. रिकामी ते काठोकाठ भरलेली घागर हे चित्र पटकन सुचतं, पण पाण्याची वानवा असलेल्या गावात भरलेली घागर ही आनंदाची गोष्ट आहे आणि खुणा उलट्या पडतात. डोक्यावरचा भारा, लहान ते मोठा, हे चित्र चुकत नाही.

भाषांतर झालं की ज्यानं इंग्रजी प्रश्न पाहिलेले नाहीत अशा माणसाकडून मराठीचं पुन्हा इंग्रजी करून घ्या आणि मूळाशी ताडून बघा. मग दुसऱ्या संस्थेतल्या तिघा फील्डवरच्या लोकांना एकेक प्रश्न वाचून दाखवा आणि ‘याचा अर्थ काय लागला?’ एवढंच विचारा. दोन संध्याकाळींचं काम आहे, पण ते गाळलं तर पुढचं सगळं वाया.

कधी आणि कसं भरून घ्यावं

महिना ठरवताना खरिपाकडं बघा. जूनमध्ये पेरणी, बियाणं आणि खताची धावपळ. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सोयाबीनची काढणी आणि खरेदी. मार्चमध्ये हिशेब. मे महिन्यात परभणी-नांदेडचा पारा चाळिशीच्या बराच वर. ऑगस्टचा दुसरा पंधरवडा त्यातल्या त्यात सरळ असतो: पेरणी-खुरपणी उरकलेली, काढणी लांब. दिवाळीच्या बोनसच्या किंवा पगारवाढीच्या आसपास घेऊ नका, गुण आठ दिवस गोड येतात. एकदा महिना ठरला की दर वर्षी तोच. यंदा ऑगस्ट आणि पुढच्या वर्षी फेब्रुवारी अशी तुलना केली तर माणसांची नाही, हंगामाची तुलना होते.

आठवड्याच्या बैठकीच्या दिवशी, बैठकीच्या सुरुवातीला, टार्गेटचा आढावा सुरू व्हायच्या आधी द्या. भरायला दहा मिनिटं लागतात, वीस ठेवा. संस्थेचा प्रमुख आणि समन्वयक त्या वेळी खोलीबाहेर असले पाहिजेत, दारातही नकोत. सगळ्यांना एकाच रंगाचे पेन द्या. लिहायचं काही नाही, फक्त खुणा. नाव, गाव, हुद्दा, वय काहीच नको. ‘फिरतीचं काम’ की ‘बसून काम’ एवढाच एक चौकोन चालेल, तोही दोन्ही गटांत किमान पाच-पाच माणसं असतील तरच. बारा जणांच्या संस्थेत ‘स्त्री/पुरुष’ विचारलं आणि बायका दोनच असल्या तर गुप्तता तिथंच संपली.

पेटीला कुलूप हवं आणि किल्ली बाहेरच्या माणसाकडं: समाजकार्य महाविद्यालयातले एखादे प्राध्यापक, दुसऱ्या संस्थेतलं विश्वासाचं माणूस. आकडे भरून झाले की कागद त्यांनीच नष्ट करावेत, आणि ते सगळ्यांना आधीच सांगून ठेवावं.

गुगल फॉर्म सोपा वाटतो, पण लहान संस्थेत तो धोक्याचा आहे. ईमेल गोळा करण्याचा पर्याय बंद केला तरी शीटमध्ये प्रत्येक उत्तरापुढं वेळ उमटते. अकरा वाजून चार मिनिटांनी कुणाच्या हातात मोबाइल होता हे बारा जणांच्या ऑफिसात सगळ्यांना माहीत असतं. वीस माणसांच्या संस्थेत कागदाचा खर्च शे-दीडशे रुपयांपलीकडं जात नाही. कागदच बरा.

हिशेब

पाच पर्यायांना वरून खाली १००, ७५, ५०, २५, ० असे गुण. भागातल्या प्रश्नांची सरासरी म्हणजे त्या भागाचा गुण. उदाहरणार्थ पहिल्या भागात कुणी बऱ्याचदा, बऱ्याचदा, कधीकधी, क्वचित, कधीकधी, क्वचित अशा खुणा केल्या तर ७५+७५+५०+२५+५०+२५ = ३००, भागिले ६, म्हणजे ५०. साधारणपणे ५० आणि त्यापुढं गेलं की लक्ष द्यावं, असा वापरणाऱ्यांचा प्रघात आहे. हे रोगाचं निदान नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनंही आपल्या अकराव्या आजार-वर्गीकरणात बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही, कामाशी निगडित स्थिती म्हटलंय. तेव्हा ‘इतके जण आजारी’ अशी भाषा सभेत येता कामा नये.

तीन चुका पुन्हा पुन्हा होतात. घरी गेल्यावर त्राण उरतं का, हा प्रश्न उलटा आहे; त्यात ‘नेहमी’ला ० आणि ‘कधीच नाही’ला १००. तो सरळ मोजला तर दुसरा भाग चुकतो. दुसरी चूक मोकळ्या जागेची. न दिलेल्या उत्तराच्या जागी एक्सेलमध्ये ० टाकला की त्याचा अर्थ ‘अजिबात थकत नाही’ असा होतो आणि सरासरी खाली येते. खाना रिकामाच ठेवा. सरासरीचं सूत्र रिकामा खाना वगळतं, शून्य वगळत नाही. पहिल्या किंवा तिसऱ्या भागात तीनपेक्षा कमी, दुसऱ्यात चारपेक्षा कमी उत्तरं असतील तर त्या माणसाचा तो भाग धरूच नये. तिसरी चूक आधी १ ते ५ आकडे टाकून नंतर गुणांत बदलायला विसरण्याची. सुरुवातीपासून गुणच टाका.

लहान संस्थेत सरासरीवर फार विसंबू नये. १४ जणांत एकट्या माणसाचा गुण २५ वरून ७५ वर गेला तर सगळ्यांची सरासरी साडेतीननं वर जाते. म्हणजे तीन-चार गुणांचा फरक कुणा एकाच्या घरच्या अडचणीचा असू शकतो. त्यापेक्षा ‘१४ पैकी किती जण ५० किंवा वर’ ही संख्या मांडा. मूळ डॅनिश अभ्यासातल्या सरासऱ्या तिशीत होत्या, पण त्या आकड्यांशी आपली तुलना लावायला काही आधार नाही. आपला ऑगस्ट आपल्याच मागच्या ऑगस्टशी लावावा.

हिच्यात काय नाही

पगार, नोकरीची शाश्वती, प्रवासातली सुरक्षितता, छळ यांपैकी काहीच कोपनहेगन विचारत नाही. आपल्याकडं ही उणीव मोठी आहे. दहा हजार उत्पादक कंपन्यांच्या केंद्राच्या २०२० च्या योजनेत एका कंपनीला व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत मदत आहे. तिसऱ्या वर्षी मुख्य कार्यकारी अधिकारी आणि लेखापाल यांच्या डोक्यात ‘पुढं पगार कुठून?’ हा एकच प्रश्न घोळत असतो, आणि तो या १९ प्रश्नांत कुठंच पकडला जात नाही. म्हणून कागदाच्या पाठीमागं स्वतःचे दोन-तीन प्रश्न छापावेत: पगार ठरल्या तारखेला होतो का? पुढच्या वर्षी ही नोकरी असेल असं वाटतं का? संध्याकाळी गावातून परतताना भीती वाटते का? त्यांचे गुण मूळ गुणांत मिसळू नका, वेगळे मोजा.

छळाची तक्रार मात्र प्रश्नावलीतून गोळा करू नये. दहा किंवा जास्त माणसं असतील तर कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरोधातल्या २०१३ च्या कायद्यानं अंतर्गत समिती बंधनकारक आहे. कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती. त्यांचा पत्ता कागदाच्या तळाशी छापला की पुरे.

बाकीच्या तिघी

जागतिक आरोग्य संघटनेचे पाच प्रश्न, ‘हू-फाइव्ह’, १९९८ पासून वापरात आहेत आणि मोफत आहेत. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होतं का, शांत होतं का, अंगात उत्साह होता का, झोपेतून ताजंतवानं उठलात का, दिवसात मन रमेल असं काही होतं का. प्रत्येकी ० ते ५, बेरीज चारनं गुणायची. ३, २, ३, १, २ अशी उत्तरं म्हणजे ११, गुणिले ४, म्हणजे ४४. इथं जास्त गुण चांगले. ५० किंवा खाली आलं तर काळजी घ्यावी. कोपनहेगनच्या उलट दिशा आहे, एकाच तक्त्यात मांडताना हे विसरलं जातं. झोपेचा प्रश्न मे महिन्यात कामाबद्दल काही सांगत नाही, उकाड्याबद्दल आणि गेलेल्या लाइटबद्दल सांगतो. ऑगस्ट आणि फेब्रुवारी बरे. दोन मिनिटांचं काम असल्यानं वर्षातून दोनदा घ्यायला जड नाही. पण शीण कुठून येतो हे ती सांगत नाही. ताप आहे एवढं कळतं, कशाचा ते नाही.

नेदरलँड्सची उट्रेख्ट प्रश्नावली कामातली ऊर्जा, समर्पण आणि तल्लीनता मोजते. नऊ प्रश्नांची आवृत्ती सुटसुटीत आहे. बिगरव्यापारी संशोधनाला मोफत, संस्थेच्या कारभारासाठी वापरायची तर कर्त्यांना विचारावं. सामाजिक उद्योगात समर्पणाचे गुण वरच राहण्याचा धोका आहे, कारण ‘माझं काम अर्थपूर्ण आहे’ याला नाही म्हणणारा इथं टिकतच नाही. ते गुण वार्षिक अहवालात छान दिसतात आणि संचालक मंडळ निवांत होतं. समर्पण उंच आणि कोपनहेगनही उंच, अशी माणसं सर्वांत आधी जपायला हवीत, आणि नुसत्या उट्रेख्टवर ती दिसत नाहीत.

गॅलपची १२ प्रश्नांची प्रश्नावली मोठ्या कंपन्यांची आहे आणि तिच्यावर मालकी हक्क आहे. आपल्या आकाराला ती परवडत नाही. पण तिच्या सुरुवातीचे दोन विषय मोलाचे आहेत: माझ्याकडून नेमकं काय अपेक्षित आहे हे मला ठाऊक आहे का, आणि ते करायला लागणारं साहित्य माझ्याकडं आहे का. हे आपल्या शब्दांत तोंडी विचारायला कुणाचा परवाना लागत नाही.

निकाल हाती आल्यावर

पंधरा दिवसांच्या आत सगळ्यांसमोर मराठीत आकडे वाचा, फळ्यावर लिहा. त्यातली एकच गोष्ट निवडा, माणूस नेमा, तारीख घाला. पाच गोष्टी निवडल्या तर एकही होत नाही आणि पुढच्या ऑगस्टला लोक डोळे झाकून सगळीकडं ‘कधीकधी’वर खूण करतात.

बऱ्याच ठिकाणी पहिली गोष्ट पेट्रोल निघते, आणि हिशेब मांडला की का ते कळतं. रोज ६० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे १,५०० किलोमीटर. गाडी ४५ चं ॲव्हरेज देत असेल तर साधारण ३३ लिटर. १०५ रुपयांचा भाव धरला तर ३,५०० रुपये. प्रवासबिल दोन महिने अडकलं की १४,००० मानधनाच्या माणसाचे ७,००० रुपये संस्थेकडं बिनव्याजी पडून आहेत: निम्मा पगार. अशा माणसासाठी योगाचं सत्र ठेवणं म्हणजे त्याचा एक शनिवारही घेणं. महिन्याच्या १ तारखेला ३,००० आगाऊ द्यावेत, महिनाअखेर किलोमीटरच्या नोंदीवर हिशेब मिटवावा, आधीचा हिशेब आला नाही तर पुढची उचल थांबवावी. लेखापालाला महिन्यातून एकच दिवस जास्त लागतो.

पगाराची तारीख तशीच. पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत पगार, हे कायद्यातच आहे. अनुदानाचा हप्ता उशिरा येतो ही खरी अडचण आहे. तिच्यावर उपाय म्हणजे किमान दोन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवणं आणि तिला खरेदीच्या हंगामातही हात न लावणं. हंगामात भांडवल कमी पडलं की पहिली नजर त्याच खात्यावर जाते, म्हणून ती काढायला संचालक मंडळाचा ठराव लागेल अशी अट घालून ठेवावी.

एप्रिल-मेमध्ये ११ ते ४ फिरती बंद, सकाळी ७ ला सुरुवात. रात्रीची बैठक झाली तर दुसऱ्या दिवशी दुपारी बारानंतर हजेरी, आणि ही सवलत मागावी न लागता आपोआप मिळाली पाहिजे. मागायला लावली की ‘कार्यकर्ता’ ती मागत नाही.

टेली मानस

प्रत्येक कागदाच्या तळाशी १४४१६ हा क्रमांक ठळक छापावा; १८००-८९-१४४१६ हाही त्याच सेवेचा. ऑक्टोबर २०२२ पासून ही केंद्र सरकारची सेवा सुरू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही. सुरुवातीला भाषा निवडावी लागते, मग प्रशिक्षित समुपदेशकाशी बोलणं होतं आणि गरज पडली तर पुढं तज्ज्ञांकडं जोडून देतात. ‘आता माझ्यानं होत नाही’पुढं ‘नेहमी’ अशी खूण करणारा कोण, हे गुप्ततेमुळं आपल्याला कळणार नाही, आणि खुणेच्या वळणावरून शोधायचा प्रयत्नही करू नये. म्हणून क्रमांक सगळ्यांच्याच हातात गेला पाहिजे. ज्यांना समोरासमोर बोलायचंय त्यांच्यासाठी जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार ओपीडीचे वार विचारून तेही छापा.

या सेवेला गुण द्यायचे तर सहज मिळण्याला आणि गुप्ततेला पूर्ण. पण फोनवरचा समुपदेशक प्रवासबिल मंजूर करू शकत नाही. दुसरा भाग चढा असलेल्या संस्थेनं नुसता क्रमांक भिंतीवर लावला तर लोकांना त्याचा अर्थ ‘दोष तुमच्या मनात आहे’ असा लागतो.

कुणी घेऊ नये

आठपेक्षा कमी माणसांच्या संस्थेत ही प्रश्नावली नको. तिथं गुप्तता राहत नाही. बाहेरच्या माणसाकडून प्रत्येकाशी अर्धा तास बोलणं करून घ्यावं आणि फक्त सामाईक मुद्दे मागावेत. आणि जिथं दोन महिन्यांचा पगार थकलाय तिथंही आत्ता छापू नका. काय उत्तर येणार ते ठाऊक आहे, आणि विचारल्यानं लोक अधिक दुखावतात. आधी थकबाकी द्या, पुढचे दोन पगार ७ तारखेच्या आत होऊ द्या, मग येणाऱ्या ऑगस्टला पेटी ठेवा.